ऑफिसची फोन यंत्रणा नव्या डेटा सेंटरमध्ये हलवताना : तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

शनिवारी रात्री ईपीएबीएक्सचा (ऑफिसचे आतले व बाहेरचे कॉल जोडणाऱ्या यंत्रणेचा) सर्व्हर बंद करायचा, गाडीत घालून नव्या डेटा सेंटरमध्ये न्यायचा, रॅकमध्ये चढवायचा आणि रविवारी सकाळी चालू करायचा, अशी योजना आजही अनेक कंपन्यांत मंजूर होते. सर्व्हर बहुतेक वेळा व्यवस्थित चालू होतो. फोन मात्र बंदच राहतात, कारण टेलिकॉम कंपनीने नंबर अजून जुन्याच जागी ठेवलेले असतात, टेबलांवरचे फोन जुना आयपी पत्ता (सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता) शोधत असतात आणि नव्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या दारावरच्या पहाऱ्यात) आवाजाच्या पॅकेटांना, म्हणजे तुकड्यांना, वाट दिलेली नसते. सोमवारी सकाळी साडेनऊला ग्राहकांचे कॉल लागत नाहीत आणि माघार घ्यावी म्हटले, तर जुना सर्व्हर जागेवर नसतो.

म्हणून यंत्रणा उचलून नेऊ नये. नव्या जागी दुसरी यंत्रणा उभी करावी, दोन्ही यंत्रणा काही दिवस एकमेकींना जोडून चालवाव्यात आणि एक्स्टेंशन (ऑफिसातले आतले फोन नंबर) तुकड्यातुकड्यांनी नव्या बाजूला न्यावीत. खालील सर्व टप्पे याच पद्धतीचे आहेत. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण पुढे ठेवतो : अंधेरीतल्या कार्यालयाची स्वतःची सर्व्हर रूम, ॲस्टेरिस्क या फोन सॉफ्टवेअरवर चालणारी यंत्रणा, ३०० एक्स्टेंशन, दोन पीआरआय (टेलिकॉम कंपनीच्या डिजिटल लाइन) म्हणजे एका वेळी ६० बाहेरचे कॉल आणि एक १८०० नंबर. जायचे आहे नवी मुंबईतल्या महापे-ऐरोली पट्ट्यातील एका डेटा सेंटरमध्ये.

टप्पा १ : फोनवर काय काय चालते, याची यादी

एक्स्टेंशनची यादी यंत्रणेतून निघते, पण ती पुरेशी नसते. ती यादी हातात घेऊन प्रत्येक मजल्यावर प्रत्यक्ष फिरावे. लिफ्टमधला फोन, सुरक्षा केबिन, आगीच्या अलार्मचे पॅनेल, गेटवरचा इंटरकॉम, लेखा विभागातले जुने फॅक्स मशीन ही उपकरणे ॲनालॉग गेटवेच्या (जुन्या पद्धतीची उपकरणे यंत्रणेला जोडणाऱ्या पेटीच्या) मागे असतात आणि कोणाच्याही नावावर नसल्यामुळे यादीतून निसटतात. माझ्या एका कामात सगळे फोन सुरळीत चालू झाले, सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले आणि चौथ्या दिवशी लिफ्ट अडकल्यावर आतल्या माणसाने लाल बटण दाबले, तेव्हा पलीकडे कोणालाच रिंग गेली नाही. तो गेटवे जुन्या आयपी पत्त्यावरच बोलत होता. तेव्हापासून लिफ्टमध्ये उभे राहून स्वतः बटण दाबल्याशिवाय मी यादी पूर्ण झाली असे मानत नाही.

यादीत पुढील गोष्टी वेगळ्या रकान्यांत नोंदवाव्यात : बाहेरून थेट लागणारे डीआयडी नंबर आणि ते कोणत्या एक्स्टेंशनवर वाजतात, आयव्हीआरचे (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणेचे) संदेश व त्यांच्या मूळ ध्वनिफिती, हंट ग्रुप (एकच कॉल ज्यांच्याकडे वाजतो ते फोन) व क्यू (कॉलची रांग), रात्रीचे व सुट्टीचे वेळापत्रक, व्हॉइसमेल, रेकॉर्डिंग, आणि फोन यंत्रणेशी बोलणारी इतर सॉफ्टवेअर. या शेवटच्या रकान्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सीआरएममधून (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) क्लिक करून कॉल लावण्याची सोय, बिलिंगला जाणाऱ्या कॉल नोंदी, व्हॉइसमेल ईमेलने पाठवणारा मेल सर्व्हर या प्रत्येकाने कुठेतरी जुना आयपी पत्ता ‘परवानगी असलेला’ म्हणून लिहून ठेवलेला असतो.

सॉफ्टवेअरचे परवाने कशाशी बांधलेले आहेत, तेही याच टप्प्यात तपासावे. काही व्यावसायिक मॉड्यूलचे परवाने सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाशी किंवा हार्डवेअर ओळखीशी जोडलेले असतात आणि नव्या यंत्रावर ते चालू होत नाहीत. पुरवठादाराकडून तात्पुरता दुहेरी परवाना मिळतो का, ते आधी विचारावे.

सावधान : स्थलांतर आणि आवृत्ती बदल एकाच वेळी करू नये. ‘नाहीतरी हलवतोच आहोत, तर नवीन आवृत्तीही टाकू’ हा मोह फार महागात पडतो. बिघाड झाला, तर तो जागेमुळे आहे की आवृत्तीमुळे, हे मध्यरात्री शोधता येत नाही.

टप्पा २ : नंबर आधी, सर्व्हर नंतर

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ लागतो तो इथे, आणि हा वेळ आपल्या हातात नसतो. मोबाइल नंबर कंपनी बदलून नेता येतो. भारतात लँडलाइन नंबरसाठी तशी सोय नाही. त्यामुळे जुना ०२२ चा बोर्ड नंबर (कार्यालयाचा मुख्य नंबर) टिकवायचा असेल, तर नवी सिप ट्रंक (आयपी नेटवर्कवरून कॉल आणणारी जोडणी; सिप म्हणजे असे कॉल लावण्या-तोडण्याचे नियम) त्याच टेलिकॉम कंपनीकडून घ्यावी लागते. डेटा सेंटरमध्ये ती कंपनी फायबरसह हजर आहे का, हे रॅकचा करार करण्यापूर्वी विचारावे. करार झाल्यावर हा प्रश्न विचारणारे अनेक जण पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे नंबर सोडणे किंवा नव्याने फायबर ओढून घेणे एवढेच पर्याय उरतात.

जागा टेलिकॉम कंपन्यांच्या कोणत्या परवाना क्षेत्रात (परवान्यासाठी आखलेल्या भागात) येते, हेही पाहावे. अंधेरी, ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्या परवाना क्षेत्रात येतात आणि तिन्हींचा एसटीडी कोड ०२२ आहे, म्हणून आपल्या उदाहरणात अडचण नाही. पुणे मात्र महाराष्ट्राच्या वेगळ्या परवाना क्षेत्रात आहे. पुण्याच्या ०२० नंबरांची यंत्रणा नवी मुंबईत न्यायची असेल, तर ट्रंक कुठे उतरेल आणि कॉल कोणत्या मार्गाने जातील, याचे उत्तर टेलिकॉम कंपनीकडून लेखी घ्यावे. शाखांमधल्या आयपी जोडणीचा उपयोग करून एसटीडी वा आयएसडी कॉल आडमार्गाने दुसऱ्या शहराच्या स्थानिक लाइनवर उतरवणे, म्हणजे टोल बायपास, नियमबाह्य आहे. दोन शहरांच्या ट्रंका एकाच सर्व्हरवर आणल्यावर असा मार्ग डायल प्लॅनमध्ये (कोणता नंबर कोणत्या मार्गाने जाईल, या नियमांत) नकळत तयार होऊ शकतो, म्हणून तो जाणीवपूर्वक बंद करावा.

ऑर्डर देताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, चाचणीसाठी काही तात्पुरते नंबर नव्या ट्रंकवर आधीच चालू करून द्यावेत. दुसरी, मूळ नंबर नव्या ट्रंकवर वळवण्याची तारीख व वेळ आपण सांगू तीच असावी. तिसरी, वळवल्यानंतर ठरलेल्या मुदतीत तो उलट फिरवण्याची तयारी असावी आणि त्या रात्री जागा असलेला अभियंता नावानिशी कळवावा. चौथी, ट्रंक बंद पडल्यास येणारे कॉल कोणत्या पर्यायी नंबरवर जातील, ते ठरवून त्याची चाचणी करून द्यावी. १८०० नंबर पुष्कळदा वेगळ्याच कंपनीकडून घेतलेला असतो आणि आतून तो एखाद्या साध्या नंबरला जोडलेला असतो. तो नंबर बदलणार असेल, तर तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

तपासणी : तात्पुरत्या नंबरावरून कॉल येतो आणि जातो, हे प्रत्यक्ष ऐकेपर्यंत कटओव्हरची (नंबर नव्या यंत्रणेवर वळवण्याची) तारीख कोणालाही कळवू नये.

टप्पा ३ : कार्यालय ते डेटा सेंटर लिंक

जुन्या व्यवस्थेत शेजारच्या टेबलाला लावलेला कॉल इमारतीबाहेर पडत नव्हता. आता यंत्रणा महापेत आणि फोन अंधेरीत असतील. त्यातच अंतर्गत कॉलही रेकॉर्ड होत असतील, तर आवाज सर्व्हरमधूनच जावा लागतो आणि तोच कॉल लिंकवर दोनदा धावतो. हिशेब असा करावा : जी.७११ कोडेक (आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत) वापरल्यास इथरनेटवर एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. ६० बाहेरचे कॉल आणि त्याच वेळी ३० रेकॉर्ड होणारे अंतर्गत कॉल धरले, तर १२० प्रवाह, म्हणजे साधारण १०.५ एमबीपीएस. आकडा मोठा नाही, पण ही जागा फक्त आवाजासाठी राखून ठेवलेली असावी. त्यासाठी आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ची (प्राधान्य सांगणारी) खूण लावून स्विच, राउटर आणि लिंक पुरवणारी कंपनी या तिन्ही ठिकाणी तिला प्राधान्य मिळते आहे, हे तपासावे.

दर्जाच्या मर्यादा नेहमीच्याच आहेत : एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (विलंबातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत, पॅकेट गळती १ टक्क्याच्या आत. ही मोजणी रविवारी दुपारी करून उपयोग नाही. सोमवारी सकाळी अकराला, सगळे कार्यालय कामात असताना करावी.

दोन लिंक हव्यातच. मुंबईत रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणे हा अपवाद नाही, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंकही कधी कधी एकाच डक्टमधून (केबलच्या नळीतून) इमारतीत येतात. दोघांकडूनही मार्गाचा नकाशा मागून घ्यावा. त्याशिवाय कार्यालयात एक छोटा गेटवे व दोन-तीन साध्या लाइन ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही लिंक गेल्या तरी निदान स्वागत कक्षाचा आणि सुरक्षा केबिनचा फोन चालू राहील.

सावधान : दुसऱ्या राज्यात शाखा असेल, तर ११२ हा आपत्कालीन नंबर मुंबईच्या ट्रंकमधून पाठवू नये. ही सेवा राज्यनिहाय चालते. गोव्यातल्या शाखेचा कॉल महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात पोहोचून उपयोग नाही. अशा प्रत्येक शाखेत एक स्थानिक लाइन ठेवावी आणि मार्ग डायल प्लॅनमध्ये पाहून खात्री करावी. त्यासाठी ११२ वर चाचणीचे कॉल लावू नयेत.

टप्पा ४ : नवी यंत्रणा समांतर उभी करणे

नव्या सर्व्हरवर तीच आवृत्ती बसवून जुन्याचा बॅकअप उतरवावा. सेटिंगच्या फायली, डेटाबेस, व्हॉइसमेल, आयव्हीआरचे आवाज हे सर्व आले आहे का, ते टप्पा १ च्या यादीवर खूण करत पाहावे. रेकॉर्डिंगचा साठा मात्र आधीच पाठवायला घ्यावा. साध्या वेव्ह फाइलमध्ये एका मिनिटाला सुमारे १ एमबी लागते, म्हणजे १,००० तासांना जवळपास ५८ जीबी. जुना साठा आठवडाभर आधी हळूहळू पाठवावा आणि कटओव्हरच्या रात्री फक्त शेवटच्या दिवसाची भर घालावी. दोन्ही सर्व्हरची घड्याळे एकाच एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवावीत, नाहीतर कॉल नोंदींची वेळ जुळत नाही आणि टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी) प्रमाणपत्रेही कधी कधी नाकारली जातात.

फायरवॉलमध्ये सिपसाठी ५०६० (टीएलएस असल्यास ५०६१) हे पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकाचे दार) फक्त टेलिकॉम कंपनीच्या आणि आपल्या कार्यालयांच्या पत्त्यांसाठी उघडावे. आवाजासाठीची आरटीपी पोर्टे, ॲस्टेरिस्कच्या नमुना सेटिंगमध्ये १०००० ते २००००, त्याच पत्त्यांसाठी उघडावीत. ‘चाचणीपुरते’ म्हणून ५०६० सगळ्या जगाला उघडणे ही अतिशय घातक चूक आहे. असे पोर्ट शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात आणि एखादा कमकुवत पासवर्ड मिळाला, की रातोरात परदेशी कॉलचे बिल चढते. स्थलांतर पूर्ण होईपर्यंत आयएसडी टेलिकॉम कंपनीकडूनच बंद करून घ्यावे. ज्यांना ते कामासाठी लागतेच, त्यांना जुन्या ट्रंकवरच ठेवावे.

फायरवॉलमधील ‘सिप एएलजी’ ही सुविधा बंद करावी. ती मदतीसाठी दिलेली असली, तरी सिप संदेशांतले पत्ते मध्येच बदलते. एका रात्री माझा प्रत्येक चाचणी कॉल लागत होता, आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ होता आणि तरी थोड्या वेळाने कट होत होता. सहकाऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरला. पहिला कॉल ३२ सेकंदांनी तुटला, दुसरा ३२, तिसराही ३२. हा आकडा लक्षात ठेवावा. कॉल उचलल्याचा संदेश पाठवल्यावर समोरून पोचपावती आली नाही, तर सिपच्या नियमानुसार अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे बरोबर ३२ सेकंद वाट पाहून यंत्रणा कॉल सोडते. पोचपावती एएलजीने बदललेल्या खासगी पत्त्याकडे जात होती. ती सुविधा बंद करताच चौथा कॉल आम्ही दहा मिनिटांनी स्वतःहून ठेवला.

आता दोन्ही यंत्रणांमध्ये सिप ट्रंक जोडावी. जुन्या बाजूचा माणूस नव्या बाजूच्या एक्स्टेंशनला नेहमीप्रमाणे तीन-चार आकडे लावेल आणि कॉल पलीकडे जाईल, अशी रचना करावी.

सावधान : ‘जो नंबर इथे नाही, तो पलीकडे पाठव’ असा नियम दोन्ही बाजूंना लिहू नये. कुठेच नसलेला नंबर कोणी लावला, तर तो कॉल दोन सर्व्हरांमध्ये चेंडूसारखा फिरत राहतो आणि थोड्याच वेळात सगळे चॅनल भरून जातात. हललेल्या एक्स्टेंशनची नेमकी यादी ठेवून तेवढ्यांचेच कॉल वळवावेत.

टप्पा ५ : जुना पत्ता विसरायला लावणे

सर्व्हरचा पत्ता बदलला, तरी तो डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सेवा) आणि प्रत्येक फोनमध्ये काही काळ लक्षात राहतो. हा काळ आधीच कमी करून ठेवायचा असतो. डीएनएस नोंदीचा टीटीएल (नोंद लक्षात ठेवण्याची मुदत) ८६,४०० सेकंद असेल, तर बदल पसरायला पूर्ण दिवस जातो. तो दोन दिवस आधी ३०० वर आणावा. फोनची नोंदणी मुदत (इतक्या वेळाने फोन सर्व्हरकडे पुन्हा नोंदणी करतो) अनेकदा ३,६०० सेकंद असते. ती १२० ते ३०० च्या दरम्यान आणावी. फोनला सेटिंगचा सर्व्हर सांगणारा डीएचसीपीचा पर्याय ६६ (काही फोनसाठी १५०) बदलायचा असेल, तर लीजची (फोनला तात्पुरत्या दिलेल्या पत्त्याची) मुदत पाहावी. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरवर ती मूळची ८ दिवसांची असते आणि उपकरण निम्मी मुदत उलटल्यावर नूतनीकरण करते, म्हणजे आज केलेला बदल चौथ्या दिवसापर्यंत पोहोचणारही नाही.

ज्या फोनमध्ये कोणीतरी पूर्वी हाताने आयपी पत्ता भरलेला आहे, त्यांना यातले काहीच लागू होत नाही. असे फोन शोधून आधीच सर्व्हरच्या नावावर आणावेत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु कटओव्हरच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तक्रारींचा मोठा हिस्सा याच फोनांचा असतो.

टप्पा ६ : एक्स्टेंशन तुकड्यांनी नेणे

पहिली तुकडी स्वतःच्या आयटी विभागाची, दहा फोनांची. त्यांनी पूर्ण दोन दिवस खरे काम त्यावर करावे. त्यानंतर एखादा लहान विभाग, मग उरलेली कार्यालये आणि सर्वांत शेवटी ग्राहक सेवा विभाग.

तुकड्या मजल्यानुसार पाडू नयेत. एकमेकांचे कॉल उचलणाऱ्या माणसांनुसार पाडाव्यात. साहेब आणि त्यांच्या सेक्रेटरी, एकाच क्यूमधले सर्व कर्मचारी, ऑपरेटर आणि बदली ऑपरेटर यांना एकाच वेळी न्यावे. कॉल पिकअप, फोनवरचे ‘व्यस्त’ दाखवणारे दिवे आणि क्यू या सोयी दोन यंत्रणांच्या मधल्या ट्रंकमधून चालत नाहीत. निम्मी क्यू इकडे आणि निम्मी तिकडे ठेवली, तर काही ग्राहकांना ताटकळत ठेवून शेजारचा कर्मचारी मोकळा बसलेला दिसतो.

टप्पा ७ : नंबर वळवण्याची रात्र

तारीख निवडताना मार्चअखेर, जीएसटी विवरणाची २० तारीख आणि दिवाळीचा आठवडा टाळावा. शनिवारी रात्री दहा ही वेळ चांगली, कारण संपूर्ण रविवार हातात राहतो. माघारीची वेळ आधीच लिहून ठेवावी, उदाहरणार्थ पहाटे दोन. दोनपर्यंत चाचण्या पूर्ण झाल्या नाहीत, तर नंबर परत जुन्या ट्रंकवर घ्यायचे, मग कारण ‘पाच मिनिटांत सापडेल’ असे कोणीही म्हणो. हा निर्णय कोणी एकाने घ्यायचा, आणि तो माणूस त्या वेळी कीबोर्डवर बसलेला नसावा. बिघाडात गुंतलेल्या माणसाला वेळेचे भान राहत नाही.

त्या रात्रीचा क्रम असा ठेवावा :

१. दुपारपासून दोन्ही यंत्रणांमध्ये कोणताही बदल करू नये. जुन्याचा शेवटचा बॅकअप घ्यावा.
२. जुन्या यंत्रणेवर चालू असलेले कॉल संपू द्यावेत.
३. टेलिकॉम कंपनीला नंबर वळवायला सांगावे. येणारे कॉल बंद राहतात ते प्रामुख्याने या काही मिनिटांत.
४. बाहेरच्या मोबाइलवरून प्रथम बोर्ड नंबर, मग १८०० नंबर, मग प्रत्येक डीआयडी मालिकेतला पहिला व शेवटचा नंबर लावून पाहावा.
५. जाणारे कॉल तपासावेत : स्थानिक, एसटीडी आणि मोबाइल. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागते; नवी ट्रंक ते शून्य मागते की ९१ मागते, ते पाहावे. समोरच्या मोबाइलवर आपला योग्य नंबर दिसतो आहे का, तेही वाचून घ्यावे.
६. होल्ड, ट्रान्सफर, कॉन्फरन्स, आयव्हीआरमध्ये आकडे दाबणे, फॅक्स, रेकॉर्डिंग आणि व्हॉइसमेल तपासावे.
७. एक कॉल किमान ३५ मिनिटे चालू ठेवावा.

सातवी चाचणी बहुतेक जण गाळतात. सिपमध्ये चालू कॉलची ठराविक अंतराने फेरतपासणी होते आणि मुदत सहसा १,८०० सेकंदांची असते. फायरवॉलने ती फेरतपासणी अडवली, तर छोटे कॉल उत्तम चालतात आणि लांबलचक कॉल १५ किंवा ३० मिनिटांच्या आसपास तुटतात. ही तक्रार मंगळवारी कोणत्यातरी संचालकांकडून येते.

तपासणी : एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर कोणती बाजू ते आधी नोंदवावे. आपल्याला समोरचे ऐकू येत नसेल, तर आत येणारी आरटीपी पोर्टे आणि आपण कळवलेला आयपी पत्ता पाहावा. तो खासगी असल्यास दोष तिथेच आहे. आयव्हीआर आकडे ओळखत नसेल, तर दोन्ही बाजूंची डीटीएमएफ (दाबलेले आकडे पाठवण्याची) पद्धत एकच आहे का, ते पाहावे.

सोमवारी सकाळी नऊ ते बारा प्रत्येक मजल्यावर एक माणूस हिंडता ठेवावा. ज्याचा फोन बंद आहे, तो फोनवरून तक्रार करू शकत नाही, हे साधे असले तरी विसरले जाते.

टप्पा ८ : जुनी यंत्रणा उतरवणे

जुना सर्व्हर आणि जुने पीआरआय किमान एक पूर्ण बिलचक्र चालू ठेवावेत. या काळात जुन्या सर्व्हरवर अजून कोण नोंदणी करत आहे, हे रोज पाहावे. विसरलेले गेटवे आणि घरून वापरले जाणारे सॉफ्टफोन (संगणकावर चालणारे फोन ॲप) असेच सापडतात. टीटीएल, नोंदणीची मुदत आणि लीज पूर्ववत करावी, तात्पुरते नंबर परत करावेत, मधली ट्रंक काढावी, आयएसडी फक्त गरजूंना चालू करावे.

पीआरआय रद्द करण्याचा अर्ज देताना त्यावर फक्त सर्किटचा क्रमांक लिहावा आणि ‘नंबर नव्या ट्रंकवर कायम ठेवावेत’ असे स्पष्ट नमूद करावे. सर्किटसोबत नंबरही रद्द झाले, तर ते परत मिळतीलच याची खात्री नसते. पोच घ्यावी, सर्किट बंद झाल्याच्या दिवशी बोर्ड नंबर बाहेरून पुन्हा लावून पाहावा, आणि त्यानंतरच जुन्या सर्व्हरच्या डिस्क पुसाव्यात, कारण त्यांवर ग्राहकांच्या संभाषणांची रेकॉर्डिंग आहेत.